नळाचं पहिलं पाणी

जुनं घर बघायला गेलं की मी आधी पिशवीतून लोहचुंबक काढायची. बाकीचे लोक घर बघायला जातात तेव्हा उजेड बघतात, ओटा बघतात, गल्लीत कोण कोण राहतं ते विचारतात. मी सरळ मोरीत उकिडवी बसून नळाच्या पाइपाला चुंबक लावायची. लोखंडाच्या पाइपाला ते चिकटतं, शिशाच्या पाइपाला चिकटत नाही, आणि शिशाचा पाइप चाकूनं खरवडला तर आतून चांदीसारखा चकाकतो. हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. पोरीच्या रक्तात शिसं निघालं तेव्हा शिकावं लागलं. एका घरमालकानं मला विचारलं, "बाई, घर घ्यायले आल्या का भंगार?" मी म्हटलं, "तुमच्याकडं दोन्ही एकच दिसून राह्यलं." ते घर तिथंच हातचं गेलं.

मी बसवर कंडक्टर आहे. दिवसभर दुसरबीड, सुलतानपूर करत लोकांशी भांडते, सुट्ट्या पैशांवरून, सीटवरून, चालत्या गाडीत थुंकण्यावरून. गोड बोलणं मला जमत नाही. पण त्या दोन महिन्यांत मी लोकांच्या दारात उभी राहून इतकं गोड बोलले, इतकी लाचारी केली, की आता आठवलं तरी स्वतःचीच चीड येते.

पोरगी अडीच वर्षांची होती. पोट दुखतं म्हणायची, जेवायला बसवली की तोंड फिरवायची. बोलायला लागली होती, ती हळूहळू गप्प झाली. अंगणातली माती खायची, भिंतीचे पोपडे नखानं काढून तोंडात घालायची. सगळे म्हणाले, लेकरं खातातच माती, जंताचं औषध द्या. दिलं. दोनदा दिलं. शेवटी बुलढाण्याच्या लेकरांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त बाहेर तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी औषधाचं काही बोलायच्या आधी एकच विचारलं, "तुम्ही राहता कुठे?"

आम्ही राहत होतो बॅटरीवाल्याच्या मागच्या दोन खोल्यांत. घरमालक पुढच्या दुकानात गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचा, आणि निकामी झालेल्या बॅटऱ्यांच्या प्लेटा मागच्या अंगणात कढईत वितळवायचा. त्याच अंगणात माझी कपडे वाळवायची दोरी होती. त्याच अंगणात पोरगी रांगली, चालायला शिकली. सहा वर्षांत मी त्या धुराबद्दल एवढंच बोलले होते की कपड्यांना वास लागतो. बास. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी घर सोडा. औषध मी देते, पण घर तेच राहिलं तर औषध वाया जाईल. आणि दुसरं घर घेताना जुना रंग आणि नळ बघून घ्या." मी त्यांच्यासमोर बसून रडले. बाहेर आल्यावर ह्यांच्यावर ओरडले, कारण दुसरं कुणी समोर नव्हतं. माझा नवरा कृषी केंद्रात कामाला आहे, मुकाट्यानं ऐकून घेणारा माणूस. त्यानं तेही ऐकून घेतलं.

संध्याकाळी मी त्या बॅटरीवाल्याची कढईच लाथाडली. राख अंगणभर झाली, आणि तीही पोरगी खेळते त्याच अंगणात, हे नंतर लक्षात आलं. अक्कल गहाण ठेवली होती मी त्या दिवशी. तो शांतपणे म्हणाला, "पुढचा महिना संपला की खोली खाली करा."

भाड्यानं खोली शोधायला निघालो. आमच्या गावात रिकाम्या खोल्या पुष्कळ आहेत. दारावर पाटी असते, बाई हसून आत घेते, खोली दाखवते, पाणी केव्हा येतं ते सांगते. मग विचारते, "आडनाव काय म्हणे तुमचं?" आडनाव सांगितलं की खोली काल संध्याकाळीच भरलेली निघते. कुणाचा पुतण्या येणार असतो, कुणाला डागडुजी करायची असते. आम्ही बौद्ध आहोत, आणि हे आम्हाला नवीन नाही. पण आधी राग यायचा, या वेळी भीती वाटायला लागली. एका दारात मी चक्क म्हटलं, "ताई, माझं लेकरू मरून जाईन हो." तिचे डोळे भरून आले. खोली मात्र दिली नाही.

तेव्हा आम्ही ठरवलं की कर्ज काढून विकतच घ्यायचं. नवं घर आवाक्याबाहेर होतं. जुन्यातली तीन बघितली. एकाच्या खिडक्यांच्या तैलरंगाचे पोपडे बोटाला पिठासारखे लागत होते, एकाच्या मोरीला लागून कुणीतरी रंगाच्या बादल्या साठवल्या होत्या, तिसरं ते भंगारवालं. चौथं गुरुजींचं.

गुरुजी निवृत्त मास्तर, बायको वारलेली, मुलगा त्यांना पुण्याला बोलवत होता. त्यांनी आडनाव विचारलं नाही, कारण त्यांना ते ठाऊकच होतं. माझे आबा, म्हणजे माझे वडील, गावच्या नळखात्यात तीस वर्षं फिटर होते. जुन्या गावातला असा नळ नाही जो आबांनी जोडला नाही. "तुह्या बापानं मले पाणी देलं व्हतं," गुरुजी म्हणाले, "मी तुले घर देतो. त्यात काय एवढं." मला तिथंच त्यांचे पाय धरावेसे वाटले.

आबांची काम करायची एक पद्धत होती, ती सांगितली पाहिजे. नवा नळ जोडला की पाणी सोडायचे. आधी हवा फुसफुसायची, मग गंजाचं लाल पाणी यायचं. ते सगळं गटारात जाऊ द्यायचे. पाणी काचेसारखं झालं की नळाखाली हात धरून बघायचे, तोटी फडक्यानं पुसायचे आणि चार पावलं मागं सरायचे. मग घरची बाई यायची आणि आपली घागर लावायची. आबांच्या हातचं पाणी त्या काळी काही घरांत चालत नव्हतं, आबांनी जोडलेल्या नळाचं चालत होतं. लहानपणी मी त्यांच्यासोबत कधीमधी जायची, मला ते मागं सरणं आवडायचं नाही. आबा म्हणायचे, "आपल्या हातच्या नळातून घाण पाणी आलं असं कोनं म्हनू नये. बास, मंग आपुन बाजूले." त्यांचा सगळा मान त्या काचेसारख्या पाण्यात होता.

तर गुरुजींचं घर बघायला मी आबांना घेऊन गेले. भिंतींना चुना होता, तैलरंग फक्त दारांना, तोही घट्ट. मोरीत, स्वयंपाकघरात, परसात, सगळीकडे मी चुंबक लावलं. सगळीकडे चिकटलं. इतकं हलकं वाटलं की मी गुरुजींकडे चहा मागून प्यायले. रस्त्यावरून येणारा नळ पुढच्या ओट्याखालून आत येत होता, वर फरशी बसवलेली. मी विचारलं, "आबा, याच्याखाली काय असन?"

आबा खाली बघत म्हणाले, "नळच हाय, माय. दुसरं काय असन?"

गुरुजी हसले. "एवढं कायले घाबरता? जनम गेला हे पाणी पिऊन. मले काय झालं?"

तरी मी पाणी तपासायचं ठरवलं. संभाजीनगरच्या एका खाजगी प्रयोगशाळेतून बाटली मागवली. तिथला माणूस फोनवर म्हणाला, "नळ सोडल्याबरोबर जे पहिलं पाणी येईल तेच भरा. लाल असो, काळं असो, तेच पाहिजे. पाइपात जे साचून राहतं त्यातच शिसं उतरतं. वाहतं पाणी भरलं तर काही कळणार नाही." आमच्या गावात नळ नवव्या दिवशी येतो. म्हणजे नऊ दिवसांचं साचलेलं पाणी, याहून चांगली तपासणी कुठली. पण नळाच्या दिवशी माझी ड्युटी लागली. बदली मागितली, मिळाली नाही. ह्यांना खताच्या गाड्या उतरवायच्या होत्या. बाटली आबांच्या हातात दिली आणि दोनदा सांगितलं, "पहिलं पाणी, आबा. नळ सोडल्याबरोबर. लाल असलं तरी."

"हाव," आबा म्हणाले. "समजलं मले."

रिपोर्ट चांगला आला. पाणी पिण्यायोग्य. मी बसमध्येच मोबाइलवर वाचलं आणि देऊळघाटच्या एका म्हातारीला तिकीट द्यायचंच विसरले. तिनंच हाक मारून घेतलं. रजिस्ट्रीची तारीख घेतली.

रजिस्ट्रीच्या कार्यालयात आम्ही सकाळपासून बाकावर बसलो होतो. गुरुजी, मी, हे, आणि साक्षीदार म्हणून आबा. पोरगी माझ्या मांडीवर झोपली होती, डोकं घामानं ओलं. नंबर येत नव्हता. आबा तीनदा बाहेर जाऊन आले. चौथ्यांदा माझ्याजवळ बसले आणि हळूच म्हणाले, "माय, एक सांगू का? आता रिपोर्ट चांगला आला म्हनून सांगतो. थे ओट्याखालची नळी शिशाची हाय."

मला वाटलं मला ऐकताच येत नाहीये.

"तवा तशीच टाकाचे. रस्त्याच्या मोठ्या लाइनीपासून घरापावतो. मऊ असते, हातानं वळते, जोड लागत नाही. मीच टाकली. तुनं इचारलं तवा जीभ उचलली नाही. मनलं रिपोर्टात निंगालं तर सांगनच. पन निंगालं नाही. मंग नळीनं काही होत नसन, धुरानंच झालं असन पोट्टीले."

मी विचारलं, "आबा, बाटली कशी भरली?"

"चांगली भरली. लाल पाणी जाऊ देलं सारं. तोटी पुसली. पाणी काचेवानी झालं, मंग भरली."

"मी तुम्हाला पहिलं पाणी म्हटलं होतं."

"म्हटलं व्हतं," आबा म्हणाले. "आयकलं व्हतं मी. पन माय, लाल पाणी कसं पाठवू? तिथं साहेब लोक पाहतीन. कोनाच्या हातचा नळ हाय म्हनतीन."

मी ओरडायला पाहिजे होतं. चालत्या गाडीत थुंकणाऱ्यावर ओरडते, मग इथं काय झालं? आबांचा चेहरा बघत राहिले. त्यांना अजून कळलं नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "साचलेल्या पाण्यातच शिसं असतं, आबा. तुम्ही तेच गटारात सोडून दिलं." मग त्यांना कळलं. त्यांनी दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले आणि हातांकडे बघत बसले.

तेवढ्यात आमचा नंबर पुकारला.

आता लोक विचारतील, मग उठून का गेली नाहीस? मीही स्वतःला रोज विचारते. हे उठले, गुरुजी काठी सावरत उठले. मला पाच-सात पावलं चालायची होती, तेवढ्यातच काय ते ठरवायचं होतं. महिना संपायला चार दिवस होते. बॅटरीवाल्यानं पुन्हा कढई मांडली होती. गावात दुसरं दार नव्हतं. गुरुजींना सांगितलं तर ते बिचारे थांबले असते, पण त्यांचा मुलगा थांबला नसता. त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक तयारच होतं. इथं निदान धूर नाही, असं मी मनाला सांगितलं. नळी बदलता येते, धूर बदलता येत नाही. घर विकत घेताना लोक हसत असतात. मी माझ्या पोरीला एका विषातून उचलून दुसऱ्यात नेऊन ठेवतेय हे पक्कं माहीत असून मशीनवर अंगठा ठेवला. पहिल्यांदा उमटला नाही, घामानं. मशीनवरच्या बाईनं रुमालानं पुसायला सांगितलं. पुसला आणि परत ठेवला.

आबांनी साक्षीदाराची सही केली. पेन खाली ठेवायचंच विसरले, तेव्हा कारकुनानं विचारलं, "काका, तब्येत बरी हाय ना?"

ह्यांना मी घरी आल्यावर सांगितलं. ते खाली बसले. मग म्हणाले, "तिथंच सांगायचं होतंस." बरोबरच होतं ते.

आम्ही राहायला गेलो त्याच दिवशी आबांनी पुढच्या ओट्याची फरशी काढली. कुणाला हात लावू दिला नाही. दोन दिवस सब्बल घेऊन एकटे खणत होते, पंच्याहत्तरीचा माणूस. नळी निघाली. करडी, मऊ, ओट्याच्या कोपऱ्याशी छान वळवलेली, कुठं चिमटा नाही, कुठं गळती नाही. मी चाकूनं खरवडली. चकाकली. आबा म्हणाले, "फेकून दे," आणि मोरीकडे तोंड करून उभे राहिले.

आमच्या हद्दीतली नळी बदलली, प्लास्टिकची टाकली. पण ओट्यापासून रस्त्याखालच्या मोठ्या लाइनीपर्यंतची नळी तशीच होती. ती आमची नाही. वर सिमेंटचा रस्ता नुकताच झालेला. खोदायला परवानगी पाहिजे. अर्ज केला, पुन्हा केला. साहेब म्हणाले, एका घरासाठी नवा रस्ता फोडता येणार नाही. तोवर प्यायला, स्वयंपाकाला विकतचं पाणी, जारवाल्याकडून. नळाचं पाणी फक्त भांड्याकपड्यांना. पोरीला मी शंभरदा सांगितलं, नळाचं पाणी प्यायचं नाही. अडीच वर्षांच्या लेकराला काय सांगणार? नळ म्हणजे पाणी, एवढंच तिला माहीत.

नळ आला तो दुपारचा. उन्हाचे दिवस, जारवाला त्या दिवशी आलाच नव्हता, घरात प्यायच्या पाण्याचा घोटही उरला नव्हता. हे जार आणायला सायकलवर गेले होते. मी परसातल्या टाकीला पाइप लावत होते. आबा ओट्यावरच्या नळापाशी उभे होते, लाल पाणी गटारात सोडत. पाणी स्वच्छ झालं. पोरगी कुठून आली मला दिसलंच नाही. तिनं ओंजळ धरली, तोंड लावलं आणि घटाघटा प्यायला लागली.

आबांनी तिला मारलं. जन्मल्यापासून ज्या पोरीला त्यांनी कधी मोठ्यानं हाक मारली नाही, तिच्या तोंडावर त्यांनी फाडकन मारली. पोरगी आडवी झाली. मी धावत आले तेव्हा आबा तिच्यासमोर गुडघ्यावर बसून म्हणत होते, "थुक माय, थुक, थुक." ती रडत होती, आणि रडता रडता पाणी मागत होती. त्या महिन्यात तिच्या तोंडून सरळ निघालेला तो पहिला शब्द होता. "पानी."

मी तिला कडेवर उचललं आणि शेजारी गेले. शेजारच्या काकू आम्ही राहायला आल्यापासून आमच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. मला वाटलं आता तोंड वेंगाडावं लागेल. मी म्हटलं, "काकू, लेकराले घोटभर पाणी द्या." त्यांनी पोरीचं लाल झालेलं तोंड बघितलं आणि काही न विचारता आत गेल्या. आत त्यांचाही नळ चालू होता. चकचकीत घासलेला तांब्या भरून आणला, स्वतः पोरीच्या तोंडाशी धरला, वर म्हणाल्या, "पी माय, पी. आमचा नळ चांगला हाय."

त्यांच्या मागं त्यांची दोन नातवंडं उभी होती. एकाच्या हातात पेला होता, पिऊन अर्धा झालेला.

आबा आमच्या ओट्यावरून ओरडले, "देऊ नका तिले! तो नळबी मीच जोडला हाय!"

काकू माझ्याकडे बघायला लागल्या. पोरीनं तांब्या दोन्ही हातांनी धरला होता, सोडत नव्हती. मी तिची बोटं एकेक करून सोडवली.